संगणकातील जुनी 'जावा' कशी काढावी?

तुमच्यापैकी काही जण जावा या भाषेत संगणकाचे प्रोग्राम लिहीत असतील. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा तयार केली व १९९५ साली ती जाहीर झाली. जावाचे प्रोग्राम लिहिण्यासाठी जो साधनसंच लागतो, त्याला 'जेडीके' म्हणतात. त्यात दोन मुख्य कामगार असतात. पहिला 'जावासी' हा संकलक. तो तुमच्या प्रोग्रामपासून क्लास फाईल बनवतो. दुसरा 'जावा'. तो ही क्लास फाईल चालवतो.

आता असे समजा, की तुमच्या संगणकावर २०१४ सालची जावा ८ आहे आणि तिच्या शेजारी तुम्ही २०२१ सालची जावा १७ बसवली. प्रोग्रामचे संकलन बिनचूक होते, पण तो चालवू जाता संगणक हटून बसतो! असे का व्हावे?

प्रत्येक क्लास फाईलच्या आरंभी आवृत्तीचा क्रमांक नोंदलेला असतो. जावा ८ चा क्रमांक ५२, तर जावा १७ चा ६१. जावा ८ ला ५२ पर्यंतच्याच फाईली वाचता येतात. ६१ क्रमांकाची फाईल समोर येताच ती नकार देते. याचा अर्थ, संकलन नव्या संचाने केले आणि चालवण्याचे काम मात्र जुन्याकडे गेले.

ते जुन्याकडे का जावे? संगणकापाशी 'पाथ' नावाची फोल्डरांच्या पत्त्यांची एक यादी असते. आज्ञा मिळताच तो यादीतील फोल्डर क्रमाने पाहतो आणि त्या नावाचा प्रोग्राम प्रथम जेथे सापडेल, तेथेच थांबतो. पुढे त्याहून नवा आहे की काय, हे तो पाहत नाही. जुन्या जावाच्या ज्या फोल्डराचा पत्ता यादीत असतो, त्यात पुष्कळदा 'जावा' असतो, पण 'जावासी' नसतो. म्हणून एक काम नव्याकडे व दुसरे जुन्याकडे जाते.

यावर उपाय म्हणजे जुना संच काढून टाकणे. मात्र विंडोजमध्ये नुसते फोल्डर पुसू नये. संच बसवताना कोणती फाईल कोठे ठेवली, याची नोंद संगणकात होते. फोल्डर पुसले, तरी ती नोंद तशीच राहते. यासाठी 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स'च्या यादीत जुन्या जावाचे नाव शोधून 'अनइन्स्टॉल' करावे. तुम्ही स्वतंत्र फोल्डरात ठेवलेल्या तुमच्या प्रोग्रामांना यामुळे धक्का लागत नाही. मॅक संगणकावर मात्र 'लायब्ररी'तील जावाच्या फोल्डरात शिरून त्या आवृत्तीचे फोल्डर काढले की काम होते.

एवढ्याने काम संपले का? नाही. भाडेकरू घर सोडून गेला, तरी दारावरची पाटी राहावी, तसा जुना पत्ता कधी कधी 'पाथ'मध्ये राहतो. 'जावा-होम' ही दुसरी पाटी. ती साधारणतः हाताने लिहिलेली असते, म्हणून ती हातानेच बदलावी लागते. अनेक साधने तिच्यावरूनच जावा शोधतात. पत्ता चुकीचा असेल, तर नवा संच घरात असूनही त्यांना तो सापडत नाही.

काढण्यापूर्वी एक खबरदारी घ्या. संगणकावरील एखादा जुना प्रोग्राम जावा ८ वरच चालणारा असू शकतो. शाळेच्या संगणकाला तर शिक्षकांना विचारल्याशिवाय हात लावू नका. पण गरज नसलेला संच उगाच ठेवणेही बरे नव्हे, कारण ज्या संचाची दुरुस्ती होत नाही, त्यातील उणिवा तशाच उघड्या राहतात.

शेवटी आज्ञांची नवी खिडकी उघडा. जुन्या खिडकीत जुनीच यादी असते. तेथे 'जावा -व्हर्जन' व 'जावासी -व्हर्जन' या आज्ञा रोमन लिपीत टंकित करा. दोन्हींचे उत्तर १७ आले, की तुमचे काम फत्ते झाले!