रग्बीच्या खांबाखालचे दोन पंच
निशाण केव्हा वर, केव्हा खाली?

कबड्डीत रेषेवरच्या पंचाची नजर हलली की भांडण ठरलेलेच. रग्बीतही तसेच आहे. आपल्याकडेही आता काही शाळांतली मुले हा खेळ खेळतात. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर तर तो जुनाच. मुलांना पळायला, पकडायला शिकवणारे भेटतात. पण निशाण घेऊन उभे कसे राहावे, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून शिक्षक, सरपंच, ग्रामसेवक आणि तरुण मंडळांसाठी हे चार शब्द.

एका लाथेची किंमत

रग्बीत चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ५ गुण. त्याला ट्राय म्हणतात. त्यानंतर खांबांमधून लाथ मारून २ गुण जोडता येतात. प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळालेली पेनल्टीची लाथ साधली तर ३ गुण. दोन-तीन गुण म्हणजे थोडे वाटतात, पण २०२३ च्या विश्वचषकाचा पॅरिसमधला अंतिम सामना पाहा. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. न्यूझीलंडने ट्राय केला, पण त्यानंतरची २ गुणांची लाथ हुकली. पुढे पेनल्टीचीही एक लाथ बाहेर गेली. आफ्रिकेचे सगळे १२ गुण चार पेनल्टींचे! जगज्जेतेपद असे खांबाखाली ठरले.

उभे कुठे राहावे?

दोन्ही खांबांमधले अंतर ५.६ मीटर असते आणि आडवा दांडा जमिनीपासून ३ मीटर उंच. लाथ मारायला ६० सेकंदच असतात, म्हणून मुख्य पंचाने खूण करताच दोन्ही सहायक पंचांनी बाजूची रेषा सोडून लगबगीने खांबांकडे जावे. एकेका खांबापाशी, त्याच्या मागच्या अंगाला एकेकाने उभे राहावे. गवंडी जसा ओळंब्याला डोळा लावतो, तशी नजर खांबाच्या कडेने सरळ वर न्यावी. चेंडू खांबाच्या टोकापेक्षा उंच गेला, तर खांब तसाच वर वाढला आहे असे मनात धरून निवाडा करावा. लांबून, तिरपे उभे राहून अंदाज बांधू नये. तो हमखास चुकतो.

खूण कशी करावी?

ज्याच्या खांबाजवळून चेंडू गेला, त्याचे मत आधी. चेंडू पलीकडे जाईपर्यंत पाहावे, मग एकमेकांकडे नजर टाकावी आणि गोल असेल तर दोघांनी मिळून निशाण वर करावे. गोल नसेल तर निशाण खालीच. एकाचे वर, एकाचे खाली असे झाले की मैदानावर कालवा होणारच. तेव्हा निर्णय मुख्य पंचाचा. सहायकाचे काम मदतीचे.

काही बारकावे लक्षात ठेवावेत. चेंडू खांबाला किंवा दांड्याला लागून आत गेला तरी गोल. दांड्यावरून गेलेला चेंडू वाऱ्याने परत मैदानात आला तरीही गोल. पेनल्टीची लाथ कमी पडून चेंडू मैदानातच राहिला तर खेळ थांबत नाही. अशा वेळी सहायकाने तिथेच उभे न राहता धावत बाजूच्या रेषेवर परतावे. ट्रायनंतरची लाथ हुकली तर मात्र खेळ मध्यरेषेवरून पुन्हा सुरू होतो.

आपला माणूस, परका माणूस

खरी कसोटी पुढेच आहे. मोठ्या सामन्यांत सहायक पंच नेमलेले असतात. शंका आली तर चित्रफीत पाहणाऱ्या पंचालाही विचारता येते. पण आयोजकांनी पंच नेमले नसतील तर नियमाप्रमाणे प्रत्येक संघाने एकेक रेषापंच द्यायचा असतो. म्हणजे निशाण आपल्याच गावच्या माणसाच्या हाती. आपल्या पोराची लाथ इंचभर बाहेर गेली, मागे सारा गाव ओरडतोय, अशा वेळी निशाण खाली ठेवायला छाती लागते. एकदा खोटे निशाण वर गेले की पुढचे खरे निशाणही कोणी मानत नाही.

म्हणून स्पर्धा घेताना दोन शहाणी, तटस्थ माणसे आधीच ठरवावीत. सामन्याआधी त्यांना खांबांपाशी उभे करून दहा-बारा लाथा मारून दाखवाव्यात. खर्च काहीच नाही. दोन निशाणे आणि अर्धा तास पुरे.