पुण्याचे गणपती बघायला जाताय? परतीची गाडी आधी ठरवा



गौरी उठल्या की गटाच्या बैठकीत विषय निघतोच, "पुण्याचे गणपती बघायला जाऊ या." जा की! वर्षभर शेत, चूल आणि बँकेचे हप्ते सोडून आपण कुठं बाहेर पडतो? फक्त जायची गाडी ठरते आणि यायची ठरत नाही, तिथं घोळ होतो.

आधी पिकअपचं बोलू. गावात कुणीतरी म्हणतं, "बसा वीस जणी मागं, स्वस्तात नेतो." ताईंनो, मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्याला धरून नाही. अपघात झाला तर मागं बसलेल्यांना त्या गाडीच्या विम्याची भरपाई सहसा मिळत नाही. आणि स्वस्त तरी कुठं? १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. समजा एका बाजूचं तिकीट १४० रुपये असेल, तर येऊन-जाऊन मिळून १४० मध्येच काम होतं. सासूबाई ७५ च्या पुढच्या असतील तर त्यांना मोफत, आधार कार्ड तेवढं बरोबर घ्या. रेल्वेत मात्र बायकांना अशी सवलत नाही, ज्येष्ठांचीही मार्च २०२० पासून बंद आहे. पुण्यातल्या पीएमपीच्या सिटी बसमध्येही एसटीचं अर्धं तिकीट चालत नाही.

सातारा, सांगली, सोलापूरकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या स्वारगेटला लागतात. नाशिक, संभाजीनगरकडच्या वाकडेवाडीला. संध्याकाळी शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करतात, त्यामुळं रिक्षावाला दारात सोडतो म्हणाला तरी खरं धरू नका. स्वारगेट स्टँडजवळच मेट्रो आहे. पुढचं स्टेशन मंडई, त्याच्या पुढचं कसबा पेठ. मंडईला फार गर्दी असते, म्हणून कसब्याला उतरा. मानाचा पहिला कसबा गणपती तिथूनच जवळ. मग तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ, तुळशीबाग करत चालत मंडईकडं या. वाकडेवाडीला उतरलात तर रिक्षानं शिवाजीनगर मेट्रो गाठा, तिथून दुसरं स्टेशन कसबा पेठ. मेट्रो जमिनीखालून जाते, सरकते जिने आहेत. पदर आणि निऱ्या सांभाळा, नाहीतर सरळ लिफ्टनं जा.

आता परतीचं. रोषणाई अंधार पडल्यावरच बघायची असते आणि आपल्याकडची शेवटची एसटी काही त्यासाठी थांबत नाही. निघण्याआधी डेपोत शेवटच्या गाडीची वेळ विचारा, जमलं तर आरक्षण करा. दुपारी पोचून मानाचे गणपती उजेडात बघा, दिवे लागले की दोन-तीन देखावे करा आणि गाडीच्या दीड तास आधी परत फिरा. रात्रभर बघायचंच असेल तर पुण्यात कुणाच्या तरी घरी मुक्काम हवाच, नाहीतर स्टँडवर पहाट होते. अनंत चतुर्दशीला मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. लेकरं घेऊन त्या दिवशी जाऊच नये, असं मला वाटतं.

गर्दीत फोन लागत नाही. म्हणून चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते गाडीत बसल्यावरच ठरवा, आणि प्रत्येकीच्या, लेकरांच्यासुद्धा, खिशात दोघींचे नंबर कागदावर लिहून ठेवा.