मगरीचं बाळंतपण

उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबरच्या परिसरात काठावर ऊन खात पडलेल्या मगरी दिसू लागतात. मोटार चालू करायला नदीवर जाणारा शेतकरी आधी काठ न्याहाळतो, मगच पाण्यात पाय टाकतो. ही धास्ती रास्तच आहे. मगरीच्या हल्ल्यात इथं माणसंही दगावली आहेत. पण त्याच दिवसांत काठाच्या मातीखाली या प्राण्याच्या आयुष्याचा जो भाग घडत असतो, त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठावर चढते, मागच्या पायांनी खड्डा खणते, 25-30 अंडी घालते आणि खड्डा बुजवून टाकते. पुढचे साधारण दोन महिने ती त्या जागेच्या आसपासच असते, कारण घोरपडी, मुंगसं आणि कुत्री अंड्यांवर टपलेली असतात. पिल्लं तयार झाली की अंड्यांतूनच बारीक आवाज काढतात. तो ऐकून आई माती उकरते, न फुटलेलं अंडं जीभ आणि टाळूमध्ये हलकेच दाबून फोडते आणि पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत तर मगरीच्या नरानंही पिल्लं अशीच वाहून नेल्याची नोंद आहे.

एवढ्या ताकदीच्या जबड्यात पिल्लाला साधा ओरखडाही कसा येत नाही? मगरीच्या जबड्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. ती स्पर्शेंद्रियं आहेत, आणि त्यांची संवेदनक्षमता माणसाच्या बोटांच्या टोकांहून जास्त भरते. पाण्यावरचा तरंग टिपून भक्ष्य हेरायला जे इंद्रिय उपयोगी पडतं, तेच पिल्लू उचलताना जबड्याला आवर घालतं.

मगरीला नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं नसतात. तो निर्णय घरट्याच्या उबेवर होतो. आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीची अंडी 28 ते 31 अंश सेल्सिअसला उबवली तर सगळ्या माद्या निघतात, 32.5 अंशांना नर. त्याहून तापमान चढलं की पुन्हा माद्या होऊ लागतात. एक-दीड अंशाचा हा खेळ आहे. काठावरची सावली गेली किंवा पाऊस अवेळी आला, तर पुढच्या पिढीचं गणित बदलू शकतं.

मगर, घडियाल, अ‍ॅलिगेटर आणि केमन मिळून या कुळात जगभर पंचविसाहून जास्त जाती आहेत. दीड मीटरभर लांबीच्या केमनपासून सहा मीटर ओलांडणाऱ्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीपर्यंत. भारतात त्यांतल्या तीन. ओडिशातल्या भितरकनिकाची खाऱ्या पाण्यातली मगर खड्डा खणत नाही. ती पानापाचोळ्याचा ढीग रचते आणि त्यात अंडी घालते. अमेरिकेतली अ‍ॅलिगेटरही तसंच करते. कुजत्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते. गोव्यात मांडवी आणि जुवारी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीत मात्र गोड्या पाण्यातलीच मगर खाऱ्या पाण्यात नांदते आहे. गोव्यातल्याच दुर्भाट गावात पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते.

चंबळेच्या घडियालाची तऱ्हा सगळ्यांत निराळी. त्याचा जबडा लांब आणि चिमट्यासारखा निमुळता, मासे पकडायला सोयीचा. पिल्लं वाहायला निरुपयोगी. म्हणून पिल्लं स्वतःच पाण्यात उतरतात आणि अनेक घरट्यांतली मिळून एका ठिकाणी गोळा होतात. नाकाडावर मडक्यासारखा फुगवटा असलेला मोठा नर शेकडो पिल्लांजवळ राखणीला थांबतो. पिल्लं त्याच्या पाठीवर, डोक्यावर चढून बसतात.

घरटं, पिल्लांची हाक, राखण आणि चार कप्प्यांचं हृदय हे सारं पक्ष्यांशी जुळतं, आणि ते योगायोगानं नाही. आज हयात असलेल्या प्राण्यांत मगरींचे सर्वांत जवळचे नातलग पाली-सरडे नसून पक्षीच आहेत.

1975 साली भारतात मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी केंद्रात नेऊन उबवायची, पिल्लं वाढवायची आणि पुन्हा नदीत सोडायची, अशी त्याची रीत. पण सोडलेल्या घडियाल मादीला वयात आल्यावर अंडी घालायला वाळूचा उंच काठच लागतो, आणि चंबळेच्या अभयारण्यात बंदी असूनही चोरटा वाळूउपसा होत आला आहे.

कृष्णेकाठी शेतात काम करताना मगरीची अंडी सापडली, तर ती हलवू नयेत, वनखात्याला कळवावं. अंडं घातल्यावर दिवसभरात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की आतलं पिल्लू मरतं. वनखात्याची जाणती माणसं म्हणूनच अंड्याच्या वरच्या बाजूला आधी पेन्सिलीनं खूण करतात आणि ती बाजू वरच ठेवून अंडं उचलतात.