कागदावरचा करार आणि कायद्यातली बेडी : चिनी व मराठी गिरमिटिया मजूर

प्रस्तावना

आपल्या बेळगाव-हुबळी भागात 'गिरमिट' म्हटले की विद्यार्थ्यांना चुरमुऱ्यांचा पदार्थ आठवतो. इतिहासातले गिरमिट वेगळे आहे. 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचे फिजी व नाताळमधील भारतीय मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि करारावर गेलेला तो 'गिरमिटिया' ठरला. हा भाग शिकविताना एक प्रश्न हमखास येतो : "सर, त्यांनी स्वतः अंगठा दिला होता ना? मग ती सक्ती कशी?" प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मकाव ते हवाना

ब्रिटिश वसाहतींत १८३४ पासून गुलामगिरी कायद्याने संपू लागली आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. स्पेनच्या ताब्यातील क्यूबात गुलामगिरी चालूच होती. तरी तेथेही १८४७ ते १८७४ या काळात सुमारे सव्वा लाख चिनी मजूर नेण्यात आले. पुढे त्यांतील बहुसंख्य पोर्तुगीजांच्या मकाव बंदरातून गेले. मुदत आठ वर्षांची, पगार महिना चार पेसो. १८७४ मध्ये चीन सरकारच्या चौकशी मंडळाने क्यूबात १,१७६ जबान्या घेतल्या. दहापैकी आठ-नऊ जणांना फसवून किंवा पळवून आणले होते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मकावमधील हा व्यापार बंद झाला.

मुंबई ते पोर्ट लुई

आपल्याकडील उदाहरण मॉरिशसचे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर तेथे पोचले. गैरप्रकारांमुळे १८३९ मध्ये ही भरती थांबविण्यात आली. १८४२ मध्ये 'प्रोटेक्टर' नावाचा सरकारी अधिकारी नेमण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा व कोल्हापूर भागांतील मराठी माणसे गेली. म्हणजे आंबोली घाटापलीकडची आपलीच शेजारची माणसे. देशाच्या विविध भागांतून गेलेल्या या मजुरांत हिंदूंप्रमाणे मुसलमानही होते. आज युनेस्कोच्या वारसा यादीत असलेल्या पोर्ट लुईच्या 'आप्रवासी घाटा'च्या पायऱ्या चढून ही माणसे मळ्यांवर गेली.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. भारतीय भरतीवर निदान कागदोपत्री देखरेख होती; मकावमध्ये ती नावापुरतीच होती. त्यामुळे दोन्हींना सरसकट एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

सक्ती नेमकी कोठे होती?

तरीही दोन्हींचे मर्म एकच होते. साध्या व्यवहारात करार मोडला तर नुकसानभरपाई द्यावी लागते. येथे मात्र करार मोडणे हा गुन्हा होता आणि त्यासाठी तुरुंग होता. मॉरिशसमध्ये एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. परतीचा मोफत प्रवास १८५० च्या दशकात बंद झाला. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना बाळगणे भाग पडले. तो जवळ नसला की 'भटक्या' म्हणून अटक होई. याविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या मदतीने ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. त्यातून राजकीय आयोग नेमला गेला आणि या तक्रारी मोठ्या प्रमाणात खऱ्या ठरल्या. म्हणजेच अंगठा देताना माणूस स्वतंत्र असेलही. अंगठा दिल्यानंतर तो स्वतंत्र राहत नसे.

समारोप

हे केवळ समुद्रापलीकडचे नव्हते. १८५९ च्या कायद्याने भारतातही आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला तुरुंगात टाकता येई. तो कायदा १९२५ मध्ये रद्द झाला आणि १९७६ मध्ये वेठबिगारीवर कायद्याने बंदी आली. तरी निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात मुकादमाची 'उचल' घेऊन येणाऱ्या ऊसतोड टोळ्या आपण दर हंगामात पाहतो. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. ही गिरमिटाची हुबेहूब नक्कल नव्हे. पण अध्यापकांनी वर्गात तीन प्रश्न अवश्य ठेवावेत : मजुराला अटी कळल्या होत्या का? काम सोडता येत होते का? सोडल्यास शिक्षा कोणती? ज्यांचे आईवडील उचलीवर कामाला जातात, असे विद्यार्थीही आपल्या बाकांवर बसतात. या प्रश्नांची उत्तरे त्यांना पुस्तकात शोधावी लागणार नाहीत.