कऱ्हाड सापडत नाही!

'प्रोग्राम चालत नाही, ताबडतोब बघा.' ३१ मार्चच्या संध्याकाळी साताऱ्यातील एखाद्या पतसंस्थेतून सांगलीच्या सॉफ्टवेअर अभियंत्याला असा फोन जावा, यात नवल नाही. 'काय होते?' या प्रश्नाला उत्तर मिळते, 'काहीच होत नाही.' मग संगणक बंद करून पुन्हा सुरू केला जातो, वायरी हलवून पाहिल्या जातात, आणि खिडकीपाशी ठेवीदार ताटकळत उभा राहतो.

समजा, मूळ अडचण अशी आहे: शोधाच्या चौकटीत 'कऱ्हाड' टाइप केले की नव्या संगणकावर भरलेली खाती दिसतात, जुन्यावरची दिसत नाहीत, 'सातारा' टाइप केल्यास मात्र सर्व दिसतात. फोनवर एवढेच सांगितले, तर जाणत्या माणसाचे लक्ष लगेच त्या 'ऱ्ह'कडे जाईल. युनिकोडमध्ये हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवता येते. एकात नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त आणि 'ह' असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचे अदृश्य चिन्ह आणि 'ह'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते निरनिराळे शब्द ठरतात. म्हणून येथे पडद्याचे छायाचित्रही अपुरेच. तो शब्द दोन्ही नोंदींतून जसाच्या तसा कॉपी करून पाठवावा लागतो.

आपले निदान आणि आपण पाहिलेली गोष्ट यांची गल्लत आपल्याकडे फार होते. 'व्हायरस शिरला' हे निदान झाले, आणि बहुधा चुकीचे. काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, हे त्याच क्रमाने सांगावे. पडद्यावरील संदेश इंग्रजीत असला तरी अक्षरशः वाचून दाखवावा. कंटाळून 'ओके' दाबला की तो पुरावा गेला.

ज्या १९४७ साली सांगलीत आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, त्याच वर्षी ९ सप्टेंबरला हार्वर्डच्या 'मार्क-२' संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी 'यंत्र बिघडले' असे लिहून भागवले नाही. दुपारी ३.४५ ची वेळ, पॅनल 'एफ', रिले क्रमांक ७० अशी नोंद करून त्यांनी तो पतंगच वहीत चिकटवला. ते पान आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.