दारात लावावी का ऑस्ट्रेलियन बाभूळ?

पावसाळा तोंडावर आला की रोपं आणायची घाई सुरू होते, आणि ‘लवकर वाढेल असं काहीतरी द्या हो’ हीच बहुतेकींची मागणी असते. मग हाती पडतं ते ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप. एक-दोन पावसाळ्यांत डोक्यावर जातं, बारा महिने हिरवंगार राहतं, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. आणखी काय हवं? पण मैत्रिणींनो, दारात जागा देण्याआधी या पाहुणीची नीट ओळख करून घेतलेली बरी.

हिचं माहेर उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचं. शास्त्रीय नाव अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, म्हणजे कानाच्या आकाराची. शेंग पिकली की पिळवटून खरोखरच कानासारखी वळते. महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरणाचं स्वतंत्र खातं निघालं. त्या काळात पडीक जमिनी आणि रस्त्यांच्या कडा लवकर हिरव्या करायच्या म्हणून निलगिरी, सुबाभूळ यांच्या जोडीने हीही लावली गेली. कोकणात, गोव्यात तर लाल मातीत हिच्या रांगाच रांगा दिसतात.

मुलांना शिकवताना या झाडाची एक गंमत मला फार उपयोगी पडते. आपण जिला पान म्हणतो ते पान नव्हेच, तो चपटा झालेला देठ! रोप उगवतं तेव्हा पहिली पानं आपल्या बाभळीसारखी बारीक, पिसासारखी असतात. पुढे ती येईनाशी होतात आणि देठच विळ्याच्या पात्यासारखा रुंद होऊन पानाचं काम करतो. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणून हलक्या, मुरमाड जमिनीतही हिचं भागतं.

आता दुसरी बाजू. झाड सदाहरित असलं तरी पाचोळा वर्षभर गळतो. तो जाड, चिवट, लवकर न कुजणारा. पन्हळीत साचतो, अंगणात थर होतो, झाडाखाली दुसरं काही नीट उगवत नाही. शिवाय फांद्या ठिसूळ. आमच्याकडे मृगाआधी वळवाचं वारं कसं सुटतं, हे तामलवाडीच्या बायकांना सांगायला नको; पत्र्याच्या घराशेजारी असं झाड म्हणजे जिवाला घोर. गावठी बाभूळ काटेरी खरी, पण तिच्या शेंगांवर शेळ्या पोसतात. हिचा तो उपयोग नाही.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी माणसं आमच्याच रस्त्याने जातात. अशा रस्त्याच्या कडेला लावायचं तर वड, लिंब, चिंच. वाढायला वेळ लागतो, पण सावली पिढ्यान् पिढ्या पुरते. घरापुढे मी तरी लिंबच लावीन.

म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ वाईट असं नाही हं. पडीक तुकड्यावर, विहिरीपासून आणि पिकापासून दूर, ती शोभते. लाकूड चांगलं जळतं, धग टिकते. ज्यांच्या घरी पाणी तापवायला अजून चूल पेटते त्यांना हे महत्त्वाचं. रोप विकतच घ्यायला हवं असंही नाही. बी फार टणक असतं, तेव्हा पाणी उकळून खाली उतरवावं, त्यात बी टाकून रात्रभर तसंच ठेवावं आणि सकाळी मातीच्या पिशवीत पेरावं.