मळीतील बायोटिन आणि बुरशीतील मेद

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत उरणाऱ्या मळीत शर्करेसोबत बायोटिन हे ब-गटातील जीवनसत्त्वही असते, आणि कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक मेद साठवणाऱ्या तैलसंचयी बुरशींसाठी ते फार मोलाचे आहे. नत्र संपून वाढ मंदावली तरी शर्करा आत येतच राहते, तेव्हा तंतुकणिका या ऊर्जाकेंद्रांत साचलेले सायट्रेट बाहेर पडते आणि एटीपी-सायट्रेट लायेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, त्यापासून असिटिल-कोए हा मेदाम्लांचा कच्चा माल बनवते. त्याला कार्बन जोडून मेदाम्लाच्या साखळीचा आरंभ करणारे विकर मात्र बायोटिनवाचून निष्क्रिय राहते, कारण कार्बन वाहून नेतो तो बायोटिनच. शिवाय असिटिल-कोएमधील ‘कोए’ हा भाग घडतो तो पँटोथेनिक आम्ल या आणखी एका जीवनसत्त्वापासून.